वऱ्हाडातले हिवाळी सण : अन्न, वाण आणि सवड

वसंत व्याख्यानमालेत हिवाळ्याच्या सणांचा विषय काढावा, हे काहींना अवेळी वाटेल. बाहेर वऱ्हाडचे ऊन तापू लागले आहे, घरोघर माठ भरले गेले आहेत, आणि आम्ही तिळगुळाची गोष्ट काढून बसलो आहोत. परंतु त्याला कारण आहे. सण अंगावर आला म्हणजे सणाचा विचार करायला कोणाला वेळ नसतो. आणि पुढच्या हिवाळ्याची बोलणी ज्यांना करायची आहेत, त्यांना ती हिवाळा येण्यापूर्वीच करावी लागतात. कामगाराच्या सुट्टीची यादी संक्रांतीच्या आदल्या दिवशी ठरत नसते.

आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे सारे शहरातल्या वाचनालयात, युनियनच्या कचेरीत व कापसाच्या जिनांच्या फाटकांवर झाले. तेव्हा सणांचा धार्मिक अर्थ सांगण्याचा अधिकार आमचा नाही. आम्हांला एवढेच समजून घ्यायचे आहे की, सण म्हणजे नेमके काय काय मिळून होतो, आणि त्यांतले कोणाला काय मिळते.

प्रथम वऱ्हाडच्या हिवाळ्याकडे पाहू. अमरावती-अकोल्याकडे उन्हाळा जितका कडक, तितकाच डिसेंबर-जानेवारीचा गारठाही बोचरा असतो. रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. याच दिवसांत शेतांत खाण्याची रेलचेल असते. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. त्या मिठाच्या पाण्यात उकडून घरभर सोलत बसायचे. तुरीच्या सोल्यांची आमटी होते. हरभऱ्याला घाटे धरू लागतात, ते भाजून हुळा होतो. वांगी मातलेली असतात, म्हणून मळ्यात भरताचे बेत होतात. ज्वारीचे कणीस दुधात आले की हुरडा आणि त्यासोबत तिळाची नाहीतर जवसाची चटणी. एके काळी वऱ्हाडात ज्वारी घरची असे आणि हुरड्याला पाहुणे बोलवावे लागत नसत, ते येतच. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीनने ज्वारीची बरीच जागा घेतली. आता पुष्कळांना हुरडा विकत घ्यावा लागतो. तरी हिवाळा आणि एकत्र बसून खाणे यांचे नाते तुटलेले नाही.

या खाण्याचा सर्वांत मोठा मेळा बहिरमला भरतो. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हे ठिकाण आहे. डिसेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास यात्रा सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. देवाच्या मोठ्या मूर्तीला लोणी आणि शेंदूर लावतात. माणसे मात्र दर्शन घेऊन लगेच परतत नाहीत. राहुट्या ठोकून, चुली मांडून राहतात. गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी करायची, आणि खाणारांसाठी मातीच्या हंडीत मटण शिजवायचे. पूर्वी येथे देवापुढे पशू मारीत. गाडगेबाबांनी त्याविरुद्ध लोकांत जाऊन प्रचार केला आणि ती चाल मोडण्यास त्यांचे शब्द फार उपयोगी पडले. योगायोग असा की, ज्या दिवसांत ही यात्रा सुरू होते त्याच दिवसांत, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबांनी अमरावतीजवळ देह ठेवला. कर्ज काढून सण करू नका, हे त्यांच्या कीर्तनांतले सांगणे आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

आम्ही लहानपणी बहिरमला एकदाच गेलो. वडील एका प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधण्याच्या कामावर होते. मूर्तिजापुरास आम्ही छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. अकोला जिल्ह्यातले मूर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातले अचलपूर यांना जोडणारी ही ७६ किलोमीटरची गाडी. तिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत. इंग्रजी कंपनीने ती कापूस वाहून नेण्यासाठी घातली होती, पण कापसासोबत वऱ्हाडची माणसेही तिने दोन-तीन पिढ्या वाहिली. आज ती बंद आहे. त्या प्रवासात आईने शिदोरीत तिळाची चटणी आणि भाकरी घेतली होती, आणि यात्रेत आम्हांला एक पत्र्याची शिट्टी मिळाली. आमच्या आयुष्यातली ती पहिली भेटवस्तू. दोन दिवस आम्ही राहुटीत राहिलो. परतताना वडील फारसे बोलले नाहीत. त्यांच्या दोन दिवसांच्या रोजीचा तो हिशोब होता, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. पुन्हा बहिरमला आम्ही का गेलो नाही, हे आईला कधी विचारावे लागले नाही.

आता संक्रांतीकडे येऊ, कारण वऱ्हाडच्या हिवाळ्यातला घरोघरचा मोठा सण तोच. येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आपण संक्रांतीला उत्तरायण सुरू झाले असे म्हणतो; पण आकाशातले उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू होते. त्या दिवशी दिवस सर्वांत लहान असतो आणि पुढे वाढू लागतो. मग संक्रांत जानेवारीच्या मध्याला का? कारण आपली पंचांगे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश फिरत असल्यामुळे तारे आणि ऋतू यांचा मेळ सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाने सरकतो. साधारण सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि संक्रांत एकत्र येत. म्हणूनच संक्रांतीची तारीखही पुढे जात आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा. ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. २०२४ साली ती १५ जानेवारीस होती.

थंडीच्या ऐन भरात येणाऱ्या या सणाचे खाणे ऋतूला धरून आहे. तिळात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. त्वचा कोरडी पडते, अंगाला ऊब हवी असते, तेव्हा तीळ आणि गूळ खावा हे आपल्या आजीला कोणत्याही पुस्तकावाचून माहीत होते. आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी वांगी, गाजर, घाटे, शेंगा अशा मिळतील त्या सगळ्यांची एकच भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. न खाई भोगी तो सदा रोगी, असे म्हणतात ते उगीच नव्हे. दुसऱ्या दिवशी संक्रांत आणि गुळाची पोळी. तिसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी नवे काम हाती घ्यायचे नाही. म्हणजे जुन्या लोकांनी हा सण तीन दिवसांचा ठरवला होता, आणि त्यांतला एक दिवस काम न करण्याचाच होता!

या सणातले देणेघेणे तर विशेष विचार करण्याजोगे आहे. मातीच्या सुगडांत ऊस, बोरे, घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ घालायचा आणि ते सुवासिनींनी एकमेकींना द्यायचे. पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि वाण दिले जाते. लहान मुलांना हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात. आपली भाषा येथे वाण ‘वाटणे’ म्हणत नाही, ‘लुटणे’ म्हणते. ‘आवा लुटणे’ असाही शब्द आहे. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. ज्याने घ्यायचे त्याने लुटून न्यावे, इतक्या मोकळ्या हाताने द्यायचे, असा त्यातला भाव. दुसरे असे की, वाण घेणारी बाई वाण देतेही. आज ती माझ्या घरी आली, उद्या मी तिच्या घरी जाईन. यात कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. बरोबरीच्या माणसांतला हा व्यवहार आहे. भीक आणि वाण यांतला फरक हाच.

तेव्हा सणाला तीन गोष्टी लागतात असे दिसते. एक अन्न, दुसरे देणेघेणे, आणि तिसरी सवड. पहिल्या दोहोंबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तिसरीबद्दल कोणी बोलत नाही, कारण ज्यांच्याजवळ ती असते त्यांना ती दिसत नाही. घरात हवा आहे हे कोणी बोलून दाखवते काय? पण सवड नसेल तर पोळी करणार कोण, वाण द्यायला जाणार कोण, आणि मुलाच्या डोक्यावरून बोरे ओतणार कोण?

वऱ्हाडात ही अडचण इतर ठिकाणांहून अधिक आहे. हिवाळा हा आपल्या सणांचा काळ आहे, आणि कापसाच्या हंगामाचाही तोच काळ आहे. पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि त्यानंतर बायांची पाठ सरळ होत नाही. वेचणी किलोवर असते. जितके किलो तितके पैसे. वेचलेला कापूस जिनांत येतो. तेथे रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. दिवाळीनंतर ही यंत्रे सुरू होतात आणि पाच-सहा महिने चालतात. जानेवारीत तर फाटकापुढे गाड्यांची रांग असते. सण ज्या दिवशी, कामाची गर्दी त्याच दिवशी. तिळाच्या लाडवासाठी शहर थांबते, तेव्हा जिनातली बाई डोक्यावर टोपली घेऊन ढिगापासून यंत्रापर्यंत खेपा घालीत असते, आणि तिच्या केसांवर पडलेले पांढरे तंतू पाहून मुले तिला हलव्याचे दागिने घातले म्हणतात.

सुट्टी ही काय चीज आहे, हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या कोणत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण उशिरा उठतो, तो रविवार असा मिळालेला आहे. तो आकाशातून पडलेला नाही.

युरोपातही हीच कथा आहे. तेथे हिवाळ्याचा मोठा सण नाताळ. आपल्याकडे अमरावतीला १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे आणि नाताळातल्या तारका आपणांस परक्या नाहीत. इंग्लंडच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या मुलांना नाताळचा दिवस सुट्टीचा म्हणून दिला. तोपर्यंत त्या मुलांना तोही हक्काचा नव्हता. १८४३ साली चार्ल्स डिकन्स यांनी ‘ए ख्रिसमस कॅरोल’ लिहिली. वाचनालयात ते पुस्तक आमच्या हाती आले तेव्हा आम्हांला वाटले होते, ही भुतांची गोष्ट आहे. वाचल्यावर कळले की, तिच्या मुळाशी एका कारकुनाची एका दिवसाची सुट्टी आहे. त्याला नाताळच्या दिवशी घरी राहायचे आहे. आणि काम न करता दिवसाचा पगार द्यावा लागतो म्हणून मालक कुरकुरतो आहे. गरिबाच्या घरचा तो सण वाचकाला गोड वाटतो. पण एक दिवस पगारासकट मिळाला म्हणून तो साजरा झाला, हे विसरता कामा नये. तेथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरांना आणि कारागिरांना पेटीतून बक्षिसी देण्याची चाल होती. १८७१ च्या कायद्याने तो दुसरा दिवसही सुट्टीचा झाला. बक्षिसी देणाऱ्याच्या मनावर असते. सुट्टी कायद्याने आली.

बक्षिसी आणि हक्क यांतला हा भेद आपल्याकडे बोनसच्या बाबतीत स्पष्ट दिसला. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरमसाट नफा झाला, तेव्हा १९१७ पासून मुंबईच्या मालकांनी कामगारांना बोनस देण्यास आरंभ केला. नफा उतरताच १९२३ साली त्यांनी तो बंद केला. १९२४ च्या जानेवारीत, म्हणजे हिवाळ्यातच, दीड लाखाच्या घरात कामगार संपावर गेले. चौकशी समितीने निकाल दिला की, बोनसवर कामगारांचा हक्क नाही. संप फसला. पण प्रश्न मेला नाही. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याचा पगार, असा ठरला. ज्याला कोणी देणगी म्हणत होते, त्याला एक्केचाळीस वर्षांनी कायद्याने देणे म्हटले.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका तालुक्याच्या गावी एका जिनात आम्ही युनियन बांधीत होतो. बायांशी बोलताना संक्रांतीचा विषय निघाला. एकीने सांगितले की, लग्न होऊन अकरा वर्षे झाली, पण तिने एकदाही उजेडात वाण दिलेले नाही. रात्री कामावरून आल्यावर शेजारणीच्या दारात सुगड ठेवून यावे लागते. आम्हांला ते फार लागले. आम्ही मालकाशी बोलणी केली, फाटकावर सभा घेतली, आणि संक्रांतीला जिन बंद राहील असे कबूल करून घेतले. आमचा ऊर भरून आला. सणाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिळगूळ घेऊन फाटकावर गेलो. एकही बाई हसली नाही. शेवटी तीच बाई पुढे झाली आणि म्हणाली, “भाऊ, तुमी सुट्टी तं देल्ली, पन रोजी कोन देईन? चूल काय सुट्टीवर रायते का?”

आम्ही सुट्टी मागितली होती; भरपगारी सुट्टी मागितली नव्हती. रोजंदारीच्या माणसाला बिनपगारी सुट्टी म्हणजे उपवासाचे निमंत्रण. कोणी तीळ-गूळ उधारीवर आणला होता, आणि ज्या दिवसाच्या रोजीतून ती उधारी फेडायची तो दिवसच आम्ही काढून घेतला होता. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबांचे सांगणे आम्ही दहा सभांतून ऐकवले होते. आणि त्याच बायांना कर्जात घालण्याचे पुण्य आमच्याच हातून घडले. आपल्या वडिलांचे बहिरमहून परततानाचे मौन ज्याला ठाऊक होते, त्याने ही चूक करावी याची लाज आम्हांला आजही वाटते.

पुढच्या वर्षी आम्ही दसऱ्याआधीच बोलणी सुरू केली. या वेळी आधी बायांची सभा घेतली आणि त्यांनाच विचारले, काय मागायचे? त्यांनी पूर्ण दिवस मागितला नाही. दुपारी एक वाजता काम संपावे, आणि रोजी पुऱ्या दिवसाची मिळावी, एवढेच त्या म्हणाल्या. मालकही माणूस होता; गाड्या सकाळीच उतरवून घेता येतात, हे त्याला पटले. त्या संक्रांतीला दुपारी दीड वाजता फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायांची रांग आम्ही पाहिली. चार वाजता त्यांनी युनियनच्या कचेरीत हळदीकुंकू केले. वाण म्हणून प्रत्येकीने आणले होते मूठभर तीळ आणि एक गुळाचा खडा.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. जिनात काम करणाऱ्या बायांत विधवाही बऱ्याच होत्या. वऱ्हाडच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. पण त्या बातमीनंतर घरात उरलेली बाई कोठे जाते, याची बातमी येत नाही. ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते किंवा जिनात टोपली उचलते. हळदीकुंकवाला तिला बोलावण्याची रीत नाही. त्या चार वाजताच्या बैठकीत अशी एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. सगळ्याजणी गप्प झाल्या. कोणीतरी तिला तिळगूळ देण्यासाठी उठली, तेव्हा ती म्हणाली, “म्या वान घ्याले नाई आली, द्याले आली.” तिच्या पदरात घरच्या तिळाचे लाडू होते. वयाने सर्वांत वडील असलेल्या बाईने आधी पदर पसरला, आणि मग कोणीच मागे राहिले नाही. वाण म्हणजे बरोबरी, हे आम्ही वर जे लिहिले, ते आम्ही पुस्तकातून घेतलेले नाही. त्या दारात शिकलो.

या बाबतीत महाराष्ट्रात पुढे एक चांगली गोष्ट झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांविषयीच्या अपमानकारक प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. परिपत्रकाने दार उघडत नाही हे खरे. पण दार उघडू पाहणाऱ्या माणसाला त्याचा आधार होतो.

कायद्याची स्थिती काय आहे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगाराला वर्षात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. म्हणजे संक्रांत, नाताळ, ईद, आंबेडकर जयंती यांपैकी कोणता दिवस घ्यायचा, हे बोलून ठरवण्याची सोय आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी हे बोलणे होते? यादी भिंतीवर लागते आणि कामगार ती वाचतो, इतकेच. शिवाय लहान दुकानांतली माणसे या कायद्याच्या बाहेर राहतात.

कारखान्यांची गोष्ट निराळी. १९४८ च्या कारखाने कायद्यात भरपगारी वार्षिक रजेसाठी वर्षात २४० दिवस काम झालेले असावे लागे. जिनाचा हंगाम जेथे पाच-सहा महिन्यांचा, तेथे २४० दिवस भरणार कसे? वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर राबणारा माणूस रजेच्या हिशोबात दर वर्षी नवाच ठरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि ही अट १८० दिवसांवर आली. अंतर कमी झाले, पण हंगामी कामगाराला उंबरठा अजून उंचच आहे. उलट बोनसची अट पाहा. तेथे वर्षात तीस दिवसांचे काम पुरेसे धरलेले आहे. कायदा ज्यास लागू आहे अशा जिनात महिनाभर काम केलेल्या, वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगारालाही त्याच्या कमाईच्या प्रमाणात बोनस मागता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून येथे सांगून ठेवतो. आणि कापूस वेचणारणीला तर सणाची सुट्टी मागायला एक ठरलेला मालकही नसतो. आज या शेतात, उद्या त्या.

आता प्रश्न असा की, अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांनी याचे करायचे काय? आपल्यापैकी अनेक जण जिनांचे मालक नाहीत. पण प्रत्येकाच्या हाताखाली कोणी ना कोणी आहे. घरी भांडी घासायला बाई येते. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, परंतु त्या बाईने संक्रांतीला यावे की न यावे, हे आजही बहुधा आपल्या स्वयंपाकघरातच ठरते. आपल्याकडे हळदीकुंकू असते म्हणून त्या दिवशी तिला लवकर बोलावले जाते आणि उशिरा सोडले जाते. जाताना तिच्या हातावर तिळगूळ आणि एक प्लॅस्टिकची डबी ठेवली की आपल्याला बरे वाटते. ती डबी वाण नव्हे. तिच्या घरी वाण घ्यायला आपण कधी गेलो आहोत काय? गेलो नसलो, तर ती बक्षिसी झाली.

आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या संक्रांतीला घरकामाच्या बाईला भरपगारी सुट्टी द्यावी, आणि ती महिनाभर आधी सांगावी, म्हणजे तिला आपल्या घरच्या सणाची तयारी करता येईल. दुसरी, ज्यांची दुकाने आणि कचेऱ्या आहेत त्यांनी या डिसेंबरात सुट्ट्यांची यादी करताना आपल्या माणसांना एकत्र बसवून विचारावे. तिसरी, हळदीकुंकवाला शेजारची विधवा बाई येईल असे करावे. आणि वाण घ्यायचेच असेल तर जवळच्या कुंभाराकडून सुगडे घ्यावीत, म्हणजे त्याच्याही घरी गुळाची पोळी होईल. यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. एका दिवसाची भांडी आपण घासली, एवढाच तो त्याग.

मालकांपैकी काही जण आम्हांला म्हणतात, “संक्रांतीला तरी भांडणाची भाषा नको. तिळगूळ घ्या, गोड बोला.” आम्ही गोडच बोलतो. पण पोटभर जेवलेल्या माणसाने गोड बोलणे आणि भुकेल्याने गोड बोलणे यांत अंतर असते, आणि भरपगारी दुपार मागणे यात कडू काही नाही. त्या जिनातल्या बाया आता म्हाताऱ्या होत आल्या. त्यांच्या सुना त्याच फाटकातून आत जातात. दसऱ्यापूर्वी आम्हांला पुन्हा बोलणीस बसायचे आहे. कारण तो करार दर वर्षी नव्याने करावा लागतो, आणि गेल्या वर्षी तो एक वाजताऐवजी दोन वाजताचा झाला. हा एक तास परत मिळवायचा आहे.